अनोळखी खणातला चाकू

ठसेवाल्यांच्या घरात तीनशे अठरा चाकू होते आणि टोमॅटो कापायला एकही नव्हता.

ठसेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खिशात मावणारे, घडीचे, जुने चाकू जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्यात पडलेलं नाव. अशा चाकूच्या पात्याच्या मुळाशी कारखान्याचा बारीकसा ठसा असतो. गंजाखाली तो निम्मा पुसला गेला असला तरी ठसेवाले भिंगातून एकदा बघून चाकूची जात आणि वय सांगत. पोटापाण्यासाठी त्यांनी एकतीस वर्षं बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात झाकणं तपासली. केसाएवढी चीरसुद्धा ह्यांच्या नजरेतून सुटत नाही, असं निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले होते. ठसेवाल्यांच्या बायकोनंही तेव्हा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मंडळातले लोक तिला वहिनी म्हणत. आपणही वहिनीच म्हणू.

चाकू जमवणाऱ्यांचा पहिला नियम असा की जुन्या चाकूला धार लावायची नाही. धार लावली की पातं झिजतं आणि झिजलेल्या पात्याला मान नाही. दुसरा नियम, घासून लख्ख करायचा नाही. आणि वापरायचा तर नाहीच नाही. ठसेवाले हे नियम इतक्या भक्तिभावानं पाळत की ते हळूहळू स्वयंपाकघरातल्या सुरीलाही लागू झाले. तिला तेहतीस वर्षांत धार म्हणून लागली नव्हती. तिच्याखाली टोमॅटो कापला जात नसे, दबून जीव सोडत असे. "अहो, एक बरी सुरी आणा ना," असं वहिनींनी म्हटलं की ठसेवाले उत्साहानं पिशवी उचलत, भंगारवाल्याच्या दुकानाकडे वाट वाकडी करत, आणि तासाभरानं एखादा गंजका चाकू घेऊन परत येत.

"ऐक, ह्याची कमान अजून कशी बोलते!" असं म्हणून ते पात्याची स्प्रिंग ऐकवायला तो उघडत आणि मिटत. टक. वहिनी ऐकत आणि मेलेले टोमॅटो भांड्यात भरत.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी वहिनींचं डोकं फिरलं. त्या सुरीला गाजर काही कापता आलं नाही, बोट मात्र तिनं बरोबर कापलं. बोटाला चिंधी गुंडाळून वहिनी तडक बाहेरच्या खोलीत गेल्या. तिथल्या कपाटाला एकाखाली एक असे खण होते, प्रत्येकावर कारखान्याच्या नावाची चिठ्ठी. अगदी खालच्या खणावर लिहिलं होतं 'अनोळखी'. ज्यांचा ठसा ओळखता येत नाही असे चाकू त्यात पडून असत आणि ठसेवाले तिकडे वर्षानुवर्षं फिरकत नसत. वहिनींनी त्यातला शिंगाच्या मुठीचा एक चाकू उचलला. कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं चार वेळा ओढलं. गाजराच्या अशा काही पातळ चकत्या पडल्या की वहिनींना एकटीलाच हसू फुटलं.

तेव्हापासून ठसेवाले आठ वाजता कामावर गेले की सव्वाआठला तो चाकू बाहेर यायचा. चिरणं झालं की वहिनी तो धुऊन, कोरडा करून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावून जागच्या जागी ठेवत. चोरी म्हणावी तर वस्तू घरातली आणि राहिलीही घरातच. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग ठसेवाले निवृत्त झाले. नवरा दिवसभर घरात बसला की बायकांचं काय काय जातं, त्याची यादी मोठी आहे. वहिनींचा चाकू गेला. पुन्हा ती बोथट सुरी, पुन्हा ते टोमॅटो. चार-सहा दिवसांनी जेवताना ठसेवाले म्हणाले, "पूर्वी किती सुरेख बारीक चिरायचीस तू. वयाचा परिणाम, दुसरं काय."

रिकामपणी ठसेवाल्यांनी 'अनोळखी' खण उपसायला घेतला. एका सकाळी भिंग हातात घेऊन ते स्वयंपाकघरात धावत आले.

"अगं, डावखुरा होता!"

"कोण?" वहिनी मटार सोलत होत्या.

"ह्याचा मालक! शंभर वर्षांपूर्वीचा! हे बघ, धार ह्या अंगाला लागलीय. उजव्या हाताच्या माणसाची त्या अंगाला लागते. आणि मूठ इथे अंगठ्याखाली कशी गुळगुळीत झालीय."

त्यांच्या हातात शिंगाच्या मुठीचा चाकू होता. वहिनींच्या हातातले मटार जमिनीवर घरंगळले, ते वेचायच्या निमित्तानं त्या खाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

पुढे पंधरा दिवस घरात त्या डावखुऱ्या माणसाशिवाय विषय नव्हता. ठसेवाल्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला. हा कलमं करणारा माळी असणार. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी काम करणारा.

"ह्यानं एकदाही टोकानं झाकण उचकटलं नाही," ते भारावून सांगत. "एकदाही ओला ठेवला नाही. कशातच घाई नाही. एकटा होता बिचारा."

"एकटा कशावरून?"

"बघणारं कुणी असलं की माणूस जरा मिरवतो गं. मुठीवर नाव तरी कोरतो. ह्यानं काही कोरलं नाही. ह्याचं काम कुणी कधी बघितलंच नसेल."

वहिनींनी मान वळवली. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला असं कौतुक कधी आलं नव्हतं, आणि आता आलं ते एका माळ्याच्या नावावर जमा झालं. त्यांना त्या माळ्याचा हेवा वाटायला लागला. रागही आला. मेला झाडांना पाणी घालत बसत असेल. ह्याला कुणी रोज दोन वेळचा स्वयंपाक सांगितला होता? वहिनी स्वतः डावखुऱ्या होत्या. जेवताना आपलं कोपर नवऱ्याला लागू नये म्हणून त्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर बसत. हिला खिडकीजवळ बसायला आवडतं, असं ठसेवाले पाहुण्यांना सांगत.

ठसेवाल्यांनी अकरा पानी लेख लिहिला. 'एका डावखुऱ्या माळ्याचा शोध'. मंडळाचा वर्षातून एक अंक निघे. बावीस वर्षांत ठसेवाल्यांचा एकही लेख त्यात आला नव्हता. तीनदा पाठवला आणि तीनदा मंडळाच्या सेक्रेटरींनी 'नवीन काही नाही' असा शेरा मारून परत केला. हा लेख मात्र त्यांना आवडला. रविवारी दोन सभासदांना घेऊन चाकू बघायला येतो, खरा वाटला तर छापू, असा निरोप आला. ठसेवाल्यांनी शर्टाला दोनदा इस्त्री करून घेतली. इतकं खूश वहिनींनी त्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणि वहिनींच्या पायाखालची जमीन सरकली, कारण त्यांना आकृतीची आठवण झाली.

ठसेवाल्यांची एक पद्धत होती. नवा चाकू घरात आला की तो उघडून कागदावर ठेवायचा, कडेनं टोकदार पेन्सिल फिरवायची आणि खाली तारीख घालायची. खणातल्या अनोळखी चाकूंच्या आकृत्या एका जुन्या फायलीत, कपाटाच्या डोक्यावर होत्या. ठसेवाले ती फाईल विसरूनही गेले होते. तिच्यावरची धूळ झटकायचं काम वहिनींचं.

शनिवारी सकाळी ठसेवाले केस कापायला गेले. वहिनी स्टुलावर चढल्या, फाईल काढली आणि तो चाकू त्याच्या आकृतीवर ठेवला. पेन्सिलीची रेघ भरलेल्या पोटाची होती. पातं आता वाळक्या शेंगेसारखं सडपातळ झालं होतं. दोहोंच्या मधे आगकाडी मावेल एवढी पांढरी जागा होती, आणि अकरा वर्षांची गाजरं त्या जागेत गेली होती. कागद शेगडीवर धरला की काम झालं. लेख छापून येईल, नवरा खूश, कुणाला पत्ता लागायचा नाही. वहिनींनी शेगडी पेटवलीसुद्धा.

पण त्या कागदाकडे बघतच राहिल्या. त्यांनी शिवलेले कपडे लोकांच्या अंगावर निघून गेले होते, रांधलेलं अन्न खाऊन संपलं होतं. त्यांच्या हाताची म्हणून दाखवता येईल अशी ही एवढीच खूण जगात उरली होती. त्यांना रडू आलं. त्यांनी शेगडी बंद केली, कागद फायलीत घातला आणि फाईल टेबलावरच ठेवली. पुन्हा स्टुलावर चढायचा कंटाळा आला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

रविवारी मंडळी आली. सेक्रेटरींनी स्वतःचं भिंग काढलं, चाकू खिडकीपाशी नेला आणि चहा गार होईपर्यंत बघत राहिले. "झीज अस्सल आहे," ते शेवटी म्हणाले. "माणूस डावखुराच. लेख घेऊ आपण." ठसेवाल्यांचे कान लाल झाले. "घेतला तेव्हाची आकृती असेल ना? लेखाशेजारी छापू."

"असणारच! अगं, ती फाईल..." ठसेवाले वळले, तर फाईल समोरच. त्यांनी ऐटीत कागद काढला आणि सगळ्यांच्या देखत चाकू त्यावर ठेवला.

सेक्रेटरींनी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "ही झीज चाकू तुमच्याकडे आल्यानंतरची आहे."

"कसं शक्य आहे? तो खणातून हललेला नाही!"

"मग तुमच्या घरात एखादा डावखुरा माळी असला पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले, आणि म्हणता म्हणता गप्प झाले. टेबलाच्या डाव्या कोपऱ्याशी वहिनी पाहुण्यांसाठी सफरचंदं कापत होत्या. त्या बोथट सुरीनं, डाव्या हातानं. आधी सेक्रेटरींनी बघितलं, मग दोन्ही सभासदांनी. ठसेवाल्यांनी सगळ्यात शेवटी बघितलं.

"लेख परत द्या," एवढंच ते म्हणाले. मंडळी पाच मिनिटांत उठली. एका सभासदाला हसू आवरत नव्हतं, ते जिन्यात ऐकू आलं.

वहिनी हातातली सुरी न ठेवता उभ्या होत्या. "अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "रोज. बोला काय बोलायचं ते."

चाकू उचलून ठसेवाल्यांनी तो उलटसुलट केला, मुठीवरच्या गुळगुळीत जागेवर आपला अंगठा ठेवून बघितला. तो नीट बसेना.

"एकदाही ओला ठेवला नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

"टोकानं झाकण..."

"नाही उचकटलं."

मग चाकूकडेच बघत त्यांनी विचारलं, "तू डावखुरी आहेस?"

"लग्नाच्या आधीपासून," वहिनी म्हणाल्या, आणि सुरी खाली ठेवून उरलेल्या सफरचंदासाठी चाकू मागितला.

ठसेवाल्यांनी मूठ पुढे करून तो त्यांच्या उजव्या हाताकडे धरला. मग थांबले, आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेले.