चौकशीबाईंचा नियम

माझ्या नणंदेला सगळे चौकशीबाई म्हणतात. बाळंतपणाच्या दवाखान्यातली ती मोठी नर्स. तिच्याबद्दल लिहायला घेतलं की माझा हात आखडतो, कारण चांगलंच लिहावं लागतं.

गरोदर बायकांना बघायला ती घरोघर जाते, पण बैठकीत टेकत नाही. थेट स्वयंपाकघरात शिरते, पाण्याच्या भांड्यात डोकावते आणि बाईलाच विचारते, "तू जेवलीस कधी?" एकदा एक नवरा मध्ये तोंड घालून म्हणाला, "काय विचारायचं ते मला विचारा." ही म्हणाली, "का हो, दिवस तुम्हाला गेलेत?" सगळी आळी आठवडाभर हसत होती.

पूर्वी बाळंतिणीजवळ आत कोणी थांबायचं, ते सासू ठरवायची. हिनं डॉक्टरांशी भांडून, विश्वस्तांची बोलणी खाऊन ती पद्धत मोडली. आता ती सगळ्यांना बाहेर काढते, दार लावते आणि बाईला एकटीला विचारते, "जवळ कोण हवं?" ती सांगेल तेच माणूस आत. म्हणून संकटात बायका आधी हिचं नाव घेतात, देवाचं मागाहून. रोज पहाटे उठून पूजा करणाऱ्या मला हे खुपतं. खुपतं म्हणजे खुपतंच.

आज माझ्या लेकीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. चहा तसाच टाकून मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. नणंदेनं नेहमीसारखं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि थोड्या वेळानं बाहेर आली.

"वहिनी, तुम्ही इथंच बसा."

"म्हणजे? तिच्याजवळ कोण?"

"ती मला थांब म्हणतेय."

"अगं, आई आहे मी तिची! तिला आत्ता काय कळतंय? तू सांग ना तिला, आईला घे म्हणून."

"सासवाही हेच म्हणतात, वहिनी," ती म्हणाली आणि आत गेली.

जावई हळूच म्हणाले, "आई, पाणी आणू का?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

बाकावर बसून मी नामस्मरण करत होते, पण कान दाराला लागले होते. लेक कळवळून "आत्या, आत्या गं" म्हणत होती. एकदाही "आई" नाही. देवा, तुझ्यापाशी काय लपवायचं, तोंडात तुझं नाव होतं आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मी वाढवलं, मी दुखणीखुपणी काढली, आणि हाक कोणाला?

मग बाळ रडलं. नणंद घामानं निथळत दारात आली. "मुलगी झाली. दोघी छान आहेत. आता तुम्हाला बोलावतेय."

मी तिच्याकडे न बघताच आत गेले. लेकीनं बाळ माझ्या हातात दिलं. केवढीशी, लालबुंद, मुठी आवळलेली. डोळे भरून आले माझे.

"आई, नाक अगदी आत्यासारखं आहे, नाही गं?" लेक म्हणाली.

"इतक्यात काय कळतंय!" मी म्हटलं.