मेमच्या कोंबड्या

नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं, त्या वर्षी माझे वडील बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या मेमच्या बंगल्यावर माळीकाम करत. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. घर आमचं पिरनवाडीला. दिवसभर आईचे उसासे ऐकत बसण्यापेक्षा बरं, म्हणून आप्पा मला बरोबर नेऊ लागले आणि मेमनं मला तिच्या कोंबड्यांच्या कामाला लावलं.

तसल्या कोंबड्या आमच्याकडं कुणी पाहिल्या नव्हत्या. अंगभर काळ्या-करड्या पट्ट्या, पायांवर बारीक पिसं, चाल जड. आणि अंडं चिंचोक्याच्या रंगाचं. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी ते पदरानं पुसून पाहिलं होतं. मेम जातीचं नाव सांगायची, ते मला 'मरान' असं ऐकू यायचं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "तिन्हीसांजंचं असलं नाव घिऊ नगंस." तेव्हापासून आमच्यात त्या मेमच्या कोंबड्या झाल्या.

लढाई संपली आणि मेमचा साहेब विलायतेला निघाला. सामान विकलं गेलं. कोंबड्या आसपासच्या बंगल्यांतल्या खानसाम्यांनी नेल्या. त्यांचं काय झालं ते वासावरून कळलं. निघण्याआधी मेमनं अंड्यांची एक टोपली माझ्या हातात दिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुला. बापाला नाही, तुला." वाटेत आप्पाही म्हणाले, "ह्या तुझ्याच. उद्या आमी न्हाय राह्यलो तरी तुझं पोट चालंल. कोन हात लावनार न्हाय." सासरहून मी एक पितळी तांब्या तेवढा घेऊन आले होते. माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

शेजारणीची खुडूक कोंबडी मागून आणली आणि अंडी तिच्याखाली ठेवली. आपल्या गावठी कोंबडीचं अंडं उन्हाच्या तिरिपीला धरलं की आत जीव धरलाय का ते दिसतं. ह्यांची कवचं इतकी गडद की काहीच कळेना. नुसती वाट बघायची.

माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा खानापूरहून बाळंतपणाला आली होती. मांडीवर तिचं लेकरू आणि पुढ्यात माझं अंडी-पिल्लांचं डालगं, असे आमचे दिवस गेले. पिल्लं निघाली ती काळीभोर, डोक्यावर पांढरा ठिपका. ज्याचा ठिपका मोठा तो बहुतेक कोंबडा, हे मेमनं सांगून ठेवलं होतं. आक्का एकेक उचलून बघायची आणि हसायची, "ह्यो बघ गं, ह्यो पैलवान!"

मी माळावर गाडग्यात शेण नि काडीकचरा घालून पालथं घालून यायची. सकाळी त्यात वाळवी भरलेली असायची. पिल्लं त्यावर तुटून पडत. एक पिल्लू घारीनं उचललं. मग पावसाळी दिवसांत त्यांना रक्ताची हगवण लागली आणि रोज सकाळी एखादं मान टाकलेलं सापडू लागलं. मी रडत बसले तर आक्कानं लेकरू आईकडं दिलं, पदर खोचला आणि माझ्याबरोबर सगळं खुराडं उकरून काढलं. ओली माती बाहेर, आत कोरडी राख आणि चुना. पाणी उकळून गार केलेलं. जी तगली ती तगली. त्या दिवशी आक्का म्हणाली, "ह्या जगल्या म्हंजी तू जगलीस बघ." त्यावर मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं.

आक्का सासरी गेली. पिल्लांना पट्ट्या उमटल्या. नरांचे तुरे लवकर लाल झाले. त्यातला एक, सगळ्यांत भरदार आणि शांत, मी जोडीसाठी राखला; बाकीचे घरच्यांनी खाल्ले, त्याला माझी ना नव्हती. तलंगांची, म्हणजे अजून अंड्याला न आलेल्या माद्यांची, अंगं भरायला वेळ लागला. गावठी तलंगा अंड्याला आल्या तरी ह्या नुसत्या चरत होत्या. आई म्हणायची, "नुसतं खातंय आनि हागतंय." मग हळूहळू त्यांचे तुरे रंगले. पाठीवर हात ठेवला की पंख पसरून दबून बसू लागल्या. ही अंड्याला आल्याची खूण. मी टोपलीत गवत घातलं, त्यात अंड्याएवढा गुळगुळीत दगड ठेवला. एक तलंग तिथं जाऊन बसायची, उठायची, ओरडायची. आज घालेल, उद्या घालेल, असं चाललं होतं.

त्याच आठवड्यात धाकटा भाऊ बाजारातून सांगावा घेऊन आला. "आक्का लई आजारी हाय. तुलाच बोलावलंय."

मी होते तशी निघाले. खानापूरला गाडीतून उतरून धावतच घर गाठलं, तर आक्का दारात बसून तांदूळ पाखडत होती.

"आजारी हुतीस न्हवं?"

"व्हय की. आता बरं वाटतंय." सुपातली नजर तिनं वर केली नाही.

मला इतका आनंद झाला की पुढं काही विचारलंच नाही. परत निघते म्हटलं की ती अडवायची. आज लेकराचं अंग गरम आहे, उद्या पाहुणे यायचेत. "कोंबड्यास्नी आई बघंल गं." शेवटी निघाले तेव्हा तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "आप्पांवर रागावू नगंस." मला वाटलं, नवऱ्याकडं परत पाठवायची बोलणी चाललीत. गाडीभर मी त्याच धास्तीत होते.

घरी आले तर खुराडं रिकामं. नुसतं रिकामं नाही, झाडून घेतलेलं. आई चुलीपुढं पाठमोरी. भाऊ नवी टोपी घालून उंबऱ्यात उभा.

आप्पा म्हणाले, "कचेरीतल्या सायबाला दिल्या. त्येला विलायती कोंबड्यांचा नाद हाय. पोराला शिपाई म्हनून घेतलंय."

"माझ्या हुत्या त्या."

"घरात माझं-तुझं काय असतंय गं?"

"माझी एवढी वाट बघवंना तुमास्नी?"

आईनं चुलीत लाकूड सारलं. मग भावानंच, लहान आवाजात, सांगून टाकलं, "आक्का म्हनली, तिला मी हिकडं बोलावून घेते. ती घरात असंस्तवर देनार न्हाय."

खुराड्यापेक्षा मला ते वाक्य लागलं. आप्पांनी दिलं ते आप्पांनी दिलं. पण आक्काच्या हाताला त्या खुराड्यातल्या राखेचा वास होता.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी साहेबाच्या बंगल्यावर गेले. साहेब कारवारकडचा. त्याची बायको परसात उभी होती, स्वभावानं साधी. माळ्याची मुलगी म्हटल्यावर तिनं कोंबड्या दाखवल्या. त्यांनी मला ओळखलं, पायांत घोटाळू लागल्या. कडेला उकिरड्यावर एक अंडं फुटून पडलं होतं. चिंचोक्याच्या रंगाचं. ज्याची मी एवढे दिवस वाट पाहिली होती ते पहिलं अंडं कुणीतरी भिरकावून दिलं होतं.

बाई म्हणाल्या, "सडकीच अंडी घालतात गो ह्या. रविवारी कापून टाकायला सांगितलंय."

मी गप्प राहिले असते, किंवा 'द्या, मी घेऊन जाते' म्हटलं असतं, तर बहुधा मिळाल्याही असत्या. पण रविवारी कापणार एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. मी म्हणाले, "सडकी न्हाईत बाई. ह्या जातीच्या अंड्याचा रंगच तसा असतोय." आतून दुसरं अंडं आणवलं, बशीत फोडून दाखवलं. स्वच्छ, पिवळाधमक बलक. बाई हरखल्या, नवऱ्याला हाक मारून बोलावलं, सुरीचा बेत तिथंच रद्द झाला. "तू येशील का रोज, यांची निगा करायला?" त्यांनी विचारलं.

त्या माझ्या आहेत असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण व्हरांड्यात, कागदांची चवड छातीशी धरून, माझा भाऊ उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी नको म्हटलं आणि निघाले.

दिवाळीला आक्का आली. परड्यात दोघीच असताना म्हणाली, "पोराचं भलं झालं न्हवं?"

"तोंडावर मागितलं असतंस तर?"

"दिल्या असत्यास?"

"न्हाय."

"मग?" ती म्हणाली, आणि लेकराला काखेत घेऊन आत गेली. तिच्या मते तिथं विषय संपला होता.

मी मात्र त्या घरात पुन्हा कोंबडी पाळली नाही. निपाणीला तंबाखूच्या वखारीत बायका घेतात असं कळलं, तशी बोचकं बांधलं. आप्पा मोटारीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "रहा की. कोंबड्या घिऊन देतो, चांगल्या गावठी." मी मान हलवली. मोटार सुटायच्या आधी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, कारण लोक बघत होते. मनातून काही वाकले नाही.