मामांच्या डोक्यावर कावळा बसला तेव्हा

त्या दुष्काळात आमच्या बीडच्या घरी नेमानं येणारे दोघंच होते, ऊन आणि कावळे. टँकर यायचा, पण त्याच्या मर्जीनं. नळाला तर मी भाजीच्या पिशव्या अडकवायला लागले होते, तेवढाच त्याचा उपयोग.

कावळ्यांशी माझी ओळख झाली ती भाकरीच्या कडांमुळं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, दात उरले नव्हते. ते भाकरीचा मधला भाग कालवणात कुस्करून खायचे आणि कडा ताटात ठेवायचे. ज्वारी कशी मिळत होती ते माझं मला माहीत, आणि हे कडा टाकणार! मला काही फेकवेना. मग मी त्या गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवायला लागले. आधी एक आला, मग त्याची भावकी आली. पुढं पुढं मी ताटलीवर चमचा वाजवला की समोरच्या कडूलिंबावरून सगळे खाली उतरायचे. शेजारी काठ फुटका मातीचा पसरट परळ ठेवून त्यात तांब्याभर पाणीही ओतायचे.

त्यांच्यात एक मोडक्या चोचीचा होता. तो भाकरीची कड परळात बुडवायचा, मऊ होईपर्यंत थांबायचा आणि मग खायचा. मी एकदा सहज बोलून गेले की अगदी मामांसारखं जेवतो. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मोडक्या मात्र माणुसकीचा. वाळत घातलेल्या सांडग्यांच्या मधोमध त्यानं एकदा कोंबडीचं हाड आणून ठेवलं. शेजारच्या काकूंनी ते बघून कुणीतरी करणी केली म्हणून तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, करणी कसली, आहेर आहे तो. सांडगे तेवढे धुवून घेता आले नाहीत, पाणी कुठं होतं?

मामांना हे कावळ्यांचं कौतुक अजिबात पसंत नव्हतं. मामा सहकारातले. आष्टीकडच्या आमच्या गावच्या सोसायटीचे ते पुष्कळ वर्षं चेअरमन होते आणि घरातही सभाच चालवायचे. भाजी आळणी झाली तर ते चिडत नसत, "आयत्या वेळच्या विषयात घ्या" म्हणत. पण एका निवडणुकीत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ विरोधी पॅनलमधून उभा राहिला आणि निवडून आला. मामांनी त्याच दिवशी ट्रंक भरली, वेशीवर उभं राहून सांगितलं, "पुन्यांदा ह्या गावचं पानी पिनार न्हाई," आणि बीडला आमच्याकडं निघून आले. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही, येणं-जाणं नाही. सासूबाईंच्या दहाव्यालासुद्धा दोघं दोन दिशांना तोंडं करून बसले होते. धाकट्याचा विषय निघाला की मामा उठून जायचे, आणि जाताना दारात थांबून ऐकायचे.

तर त्या दिवशी टँकर आला नाही. मामांनी गच्चीवर जाऊन कावळ्यांच्या परळातलं पाणी उचललं आणि तुळशीला घातलं. माणसाला पाणी नाही आणि कावळ्याचे लाड, असं काहीतरी पुटपुटत ते टोपी काढून डोकं पुसायला लागले. मोडक्या लिंबावरून हे सगळं बघत होता. तो सरळ खाली आला, मामांच्या टकलावर बसला, एक टोला हाणला आणि परत जागेवर जाऊन बसला.

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "मामा, अविश्वास ठराव आला." पण काकू त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या. त्या कपाळाला हात लावून खालीच बसल्या. डोक्याला कावळा शिवला म्हणजे मरण जवळ आलं, असं आमच्याकडं मानतात. त्याला उपायही ठरलेला. परगावच्या जवळच्या नातेवाइकाला खोटा सांगावा धाडायचा की माणूस गेला. तो रडला की मरण फसतं आणि माघारी जातं. मग लगेच खरं काय ते सांगून टाकायचं.

मामा म्हणाले, आपण असलं काही मानत नाही, आपण पुरोगामी माणूस. एवढं बोलून खाली आले आणि चहा तसाच ठेवला. थोड्या वेळानं मला विचारलं, "तिकडं सांगावा धाडायचा म्हनलं तर कोन हाय?" मी म्हटलं, लेक आहे तुमची परळीला. ते म्हणाले, तिला बीपी, तीच जाईल. मेहुणे? ते आधी जमिनीचं विचारतील. एकेक नातेवाईक असा बाद होत गेला. शेवटी छताकडं बघत म्हणाले, "मी मेलो तर रडनारं बाहेर कुनी न्हाईच की गं."

कावळा माझा, दाणापाणी मी लावलेलं, आणि हे म्हातारं असं बोलतंय. मी म्हटलं, धाकटे मामा आहेत ना.

मामांनी इतका वेळ याच नावाची वाट बघितली होती, हे मला तेव्हा कळलं. वरवर म्हणाले, "तो कावून रडंल? पेढे वाटंल." पण पायात चप्पल घातली होती.

कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. आमचे हे दूध संघात कामाला गेलेले, म्हणून फोन मीच करायचा ठरला. गावात फोन फक्त सोसायटीच्या हापिसात. मी काचेच्या आत, मामा काचेला बाहेरून कान लावून. मी नंबर फिरवत असताना त्यांनी दार किलकिलं करून बजावलं की वारले म्हण, मेले म्हणू नको. पलीकडं सोसायटीच्या सेक्रेटरींनी उचलला. मी आवाज जड करून सांगितलं, बीडचे मामा वारले. पलीकडं फोन खाली ठेवल्याचा आवाज, मग कुणीतरी पळाल्याचा, मग गलका. मग नुसतीच खरखर, आणि लाइन तुटली.

मामांनी विचारलं, "रडला का?"

मी म्हटलं, ऐकूच आलं नाही. आता खरं सांगायचं म्हणून परत नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. फिरवला, फिरवला, कुणी उचलेना. सगळं हापिस मामांच्या मरणाकडं धावलं होतं. बूथवाला एकदा माझ्याकडं आणि एकदा काचेबाहेरच्या मामांकडं बघत होता.

त्यानं काय समजून घेतलं आणि कुणाला सांगितलं कोण जाणे, पण दुपारी दूध संघात शोकसभा झाली आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी पडली. तसंही दूध येत नव्हतं, सगळ्यांनी फार मनापासून शोक केला म्हणे. आमचे हे सायकल हाणत, रडत घरी आले. दारात त्यांचे वडील गुळाचा खडा चघळत बसलेले. ह्यांनी सायकल तिथंच आपटली आणि आम्हा दोघांना जे काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामांनी शांतपणे विचारलं, शोकसभेत भाषण कुणाचं झालं. मग काकूंना विचारलं, ह्यो रडला ते चालेल का? काकू म्हणाल्या, घरातलं धरत न्हाईत.

मग मात्र मामा जेवले नाहीत. धुतलेलं धोतर नेसले, ओट्यावर बसले आणि रस्त्याकडं बघत राहिले. कुठलीही गाडी वळली की मान उचलायची आणि खाली घालायची. "येनार न्हाई तो," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मलाच रडू येईल असं वाटायला लागलं. मनात म्हटलं, देवा, मरण राहू दे, पण ह्यांचा भाऊ तेवढा पाठव.

दिवेलागणीच्या आधी एक टेम्पो वळला. मागं ओल्या पोत्यांनी झाकलेली दोन मोठी पिपं. पुढून धाकटे मामा उतरले, बोडक्या डोक्यानं, डोळे सुजलेले. अंगणात चार पावलं आले आणि ओट्यावर बसलेल्या भावाला बघून थिजले. मी घाईघाईनं कावळ्याचं सांगायला लागले. त्यांनी ते ऐकलंही नाही.

मामा म्हणाले, "रडलास का?"

"रडायला येळ कुटं हुता?" धाकटे मामा ओरडलेच. "पानी भरत हुतो! बीडात प्यायला न्हाई, मग दादाची शेवटची आंगुळ कशानं घालनार? सांगावा आला तसं गाव उठलं. परत्येक घरानं एकेक घागर वतली. तुला मत न्हाई दिलं त्यांनी बी वतली." एवढं बोलले आणि टेम्पोच्या फाळक्याला धरून लहान पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले.

काकू गच्चीवरून म्हणाल्या, "झालं. सुटले मामा."

मामांनी तिकडं बघितलंही नाही. त्यांचं चेअरमनपण सुटेना. टेम्पोपाशी गेले, पोतं बाजूला केलं, वाकून पाणी बघितलं. विरोधी पॅनलवाल्यांनी पण ओतलं का, हे पुन्हा विचारून घेतलं. सगळ्यांनी ओतलं, धाकटे मामा नाक पुसत म्हणाले, आणि आता परत नेणार नाही.

"त्या मोडक्याचा परळ भर आदी," मामा मला म्हणाले. "ठराव त्यानंच मांडला."

मी परळ भरून आले तेव्हा मामा ओट्याखालच्या धुण्याच्या दगडावर उघड्या अंगानं बसले होते. धाकटे मामा तांब्या घेऊन उभे. मेल्यावर घातलेली आंघोळ कळणार नाही, म्हणून आत्ताच घाल, असं मामांनीच सांगितलं होतं. पहिला तांब्या डोक्यावर घातला. कावळ्यानं टोला मारला होता त्या जागी भावानं बोट फिरवून बघितलं. दुसरा तांब्या भरला तेव्हा मामांनी हात वर करून त्याला थांबवलं, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंडाशी धरली. वेशीवरची शपथ धाकट्या मामांनाही ठाऊक होती. त्यांनी तांब्या कलता केला, निम्मं पाणी ओंजळीबाहेरच सांडलं. उरलेलं मामा प्यायले.

"मचूळ हाय," ते म्हणाले.

"तवाबी मचूळच हुतं," धाकटे मामा म्हणाले आणि पुन्हा ओतायला लागले.