ऑनर्सचा बैल

आमच्या ऑनर्सच्या सरांइतका चार भिंतींचा तिटकारा असलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आता मास्तरालाच वर्गाचा तिटकारा म्हणजे कोळ्याला पाण्याची भीती! पण होता खरा. घंटा झाली की सर वर्गात यायचे, खिडकीबाहेर बघून एक सुस्कारा टाकायचे आणि म्हणायचे, "पुस्तक घरी वाचा रे. इथं बसून काय करायचंय? चला!" अर्थशास्त्रात विद्यापीठात पहिला आलेला माणूस, पण कोटाच्या एकाच खिशात खडू आणि शेंगदाणे. बोलण्याच्या भरात कितीदा तरी खडू तोंडात जायचा, आणि तो चावून झाल्यावरच त्यांच्या लक्षात यायचं.

कॉलेज पुण्यात, पण सर राहायला चिंचवडला, आणि आमचा मळाही तिथंच शिवेवर. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. मागणीचा नियम शिकवायचा म्हणून सर एकदा पेरूंची पाटी घेऊन चिंचवड स्टेशनबाहेर बसले, आणि आम्हाला बसवलं शेजारी. भाव उतरला की गिऱ्हाईक वाढतं, असं पुस्तकात लिहिलेलं. सर भाव उतरवत गेले, तसतशी माणसं लांबूनच जायला लागली. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "एवढं सवंग? किडके असतील मेले!" आम्ही शरमेनं अर्धमेले, आणि सर आनंदानं टाळ्या पिटतायत! मग उरलेली पाटी त्यांनी आमच्याकडूनच संपवून घेतली आणि वर विचारलं, "पहिल्या पेरूला काय वाटलं आणि शेवटच्याला काय वाटलं, सांगा." सांगायला तोंड उघडवेना, इतके पेरू पोटात गेले होते. पण उपयोगिता कशी घटते, ते मी जन्मात विसरले नाही.

किंमत कशी ठरते हे प्रकरण आलं, तेव्हा सर म्हणाले, "चाकणचा बैलबाजार!" वर्गात आम्ही चौघंच, पुण्याचे तीन मुलगे आणि मी. बाजारात बाईमाणूस औषधालाही नव्हतं. मी पदर डोक्यावरून घट्ट ओढून उभी राहिले. तिथं भाव कुणी तोंडानं बोलत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबतात, तोच भाव. हे बघून सरांना कुठलं राहवतंय? "जरा मलाही दाखवा हो," म्हणून त्यांनी घातला हात उपरण्याखाली. आता वर्गात आम्ही काहीही बरळलो तरी "बरोबर, बरोबर" म्हणून मान डोलवायची त्यांना खोड. दलालानं बोटं दाबली. सर म्हणाले, "बरोबर!" पुन्हा दाबली. "अगदी बरोबर!" आम्ही कोट ओढेपर्यंत बैलाच्या पाठीवर गुलाल पडला आणि कासरा सरांच्या हातात आला. नुकताच झालेला पगार आणि मनगटावरचं घड्याळ दलालाच्या हवाली करून सर वळले. चेहरा असा फुललेला, की जसं काही पोराचं लग्न ठरलंय.

परतीच्या वाटेवर बैलानं नुसतं शिंग हलवलं की पुण्याचे तिघंही रस्त्यापलीकडे पळायचे. शेवटी कासरा माझ्याकडे आला, मळ्यातली ना मी! भोसरीत आमच्या भावकीतले एक तात्या दिसले. ते आमच्याकडे एकदा बघून झपाझप पुढं निघून गेले. आम्ही पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती, की आण्णांची पोरगी परक्या पुरुषांसंगं बैल हाकत येतीय.

"कालिजात घातली हुती का बैलबाजारात?" आण्णा कडाडले. "उद्यापासनं बंद!" माझे वडील एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी बदलत नसत. आईनं मामानं सुचवलेलं खेडचं स्थळ पुन्हा काढलं. मी रडून डोळे सुजवले. कॉलेज सुटलं की पुढं चूल आणि मूल, दुसरं काय होतं माझ्यापुढं?

सकाळी सर दारात हजर, बैलासकट! "आण्णा, मला दोन खोल्या. बैल एकीत राहिला तर बायको दुसरीत राहणार नाही म्हणते. तुमच्या गोठ्यात जागा द्या."

दारात आलेल्या जनावराला कोण हाकलणार? आण्णांनी त्याला मुकाट दावणीला बांधलं आणि बजावलं, "पोरगी भाईर जायची न्हाई, मास्तर."

"तिनं कशाला जायचं? बैल आमच्या अभ्यासाचा. आम्हीच येतो की!"

आणि आले! रोज सकाळी आमच्या गोठ्यात ऑनर्सचा वर्ग भरायला लागला. मुलगे पेंढीवर बसायचे, सर शेणानं सारवलेल्या भिंतीवर खडूनं आकृत्या काढायचे, आई चहा करून करून वैतागायची. आण्णा आधी लांब विहिरीपाशी उभे राहायचे, मग गोठ्याच्या दाराशी वैरण कापत बसायला लागले. एकदा सरांनी एका मुलाला प्रश्न विचारला. तो बिचारा नुसताच कान खाजवत बसला. तेवढ्यात दारातून आण्णा ओरडले, "त्याला काय इचारताय? माज्या पोरीला इचारा की! तिला येतंय ते!"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सरांनी खडू खाली ठेवला. "तिला येतंय, मला ठाऊक आहे. पण आण्णा, परीक्षा काही गोठ्यात होत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे आण्णा माझ्या उशाशी येऊन म्हणाले, "ऊठ. गाडी कवा हाय तुजी? मी येतो ठेसनापत्तुर."

मी ऑनर्स झाले, पुढं शिकवायलाही लागले. सर तोवर दूर विदर्भात कुठल्याशा कॉलेजात गेले होते. कुणी म्हणे, तिथंही पोरांना घेऊन रानोमाळ हिंडतात. पुन्हा गाठ पडली नाही, ही चुटपुट अजून आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव आण्णा कॉलेजात स्वतः घालून आले. संध्याकाळी ओसरीवर येऊन टेकले. मग हळूच म्हणाले, "मास्तर हितं न्हाईत आता. हिला बाजार कोण दावंल गं?"

मी म्हटलं, "मी आहे की, आण्णा."