शेजारच्या कूलरच्या पट्टीत

आमचा बँड दोघांचाच. अमरावतीहून येऊन ती गाते आणि अकोल्यात मी बाकी सगळं करतो, म्हणजे सिंथेसायझर, ताल, मिक्सिंग आणि चिडचिड. आमच्या संगीताला सिंथपॉप म्हणतात. त्यात ढोलकीपासून बासरीपर्यंत सगळे आवाज यंत्रातून काढायचे असतात. पहिल्या अल्बमच्या वेळी उत्साहाच्या भरात मी तिचा गळाही यंत्रातून काढला. तो ऐकून झाल्यावर तिच्या आईने तिला शांतपणे विचारलं, "पोरगी बरी म्हनते. पन तू काहून नाही म्हटलं एखांदं?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या अल्बमची अट सांगितली, की तिच्या आईला तिचा आवाज ओळखू आला पाहिजे. तोवर तिला मेळघाटात शाळेवर नोकरी लागली होती आणि जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. म्हणजे हाताशी उरला फक्त मे महिना. मी मुकाट्याने कबूल झालो. अडला हरी, पुढचं मी तिच्यासमोर म्हणत नाही.

मे महिना तसा सोयीचाच. अकोल्यात शांतता हवी असेल तर ती मेच्या दुपारीच मिळते. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. ती सकाळच्या बसने यायची. गच्चीवरच्या माझ्या खोलीत आम्ही दारं-खिडक्या लावायचो, त्यांवर रजया टांगायचो, कूलर बंद करायचो आणि घामाने निथळत गाणं करायचो. पहिल्याच दिवशी हेडफोनमध्ये एक संथ घरघर ऐकू आली. ती भिंतीपलीकडे झोपलेल्या वकीलकाकांच्या कूलरची होती. तसल्या उन्हात सत्तरीच्या माणसाला कूलर बंद करा म्हणायला माझी जीभ रेटेना.

मी घरघरीचा सूर तपासला. काळी चारच्या किंचित खाली. तिने गुणगुणून पाहिलं आणि म्हणाली, हाच आपला तानपुरा. मग मी सगळे की-बोर्ड त्या कूलरला जुळवून घेतले. प्रेमाचं गाणं त्याच पट्टीत, भांडणाचं त्याच पट्टीत. आठ गाणी अशी झाली आणि घरघर त्यांच्यात बेमालूम मुरली.

नववं गाणं शेवटचं. त्या दिवशी वकीलकाका स्वतः जिना चढून आले. आमची अडचण त्यांना माझ्या आईकडून कळली होती, म्हणून त्यांनी सकाळीच माणूस बोलावून कूलरची मोटर बदलून घेतली होती. आता आवाज बिलकुल नाही, तुमी बिनघोर गा, असं ते कौतुकाने सांगत होते. मनातल्या मनात मी त्या भल्या माणसाला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. तोंडाने आभार मानले आणि त्यांना चहा पाजला.

मग खरंच चिडीचूप झालं. इतके दिवस घरघरीआड लपलेलं सगळं मायक्रोफोन टिपू लागला. तिचा श्वास ऐकू यायला लागला, ओठ सुटल्याचा आवाजसुद्धा. ते गाणं ती अकरा वेळा गायली. अकराव्या वेळी आवाज खरखरला आणि ओळीच्या टोकाशी तुटला. हेच ठेव, हात लावशील तर याद राख, असं बजावून ती संध्याकाळच्या बसला गेली आणि त्याच आठवड्यात मेळघाटात रुजू झाली.

मी अर्थातच हात लावला. खरखर पुसली, तुटलेली ओळ सांधली, वर जरासा मुलामा दिला. तिच्या आईने आवाज ओळखला की अट पुरी, असा हिशेब करून मी अमरावती गाठली. काकू, म्हणजे तिची आई, पापड लाटत होत्या. मी गाणं लावलं. त्यांनी मान डोलावली, चांगलं आहे म्हणाल्या आणि पुढची लाटी घेतली. पाहुण्यांच्या पोरांचं कौतुक त्या अगदी असंच करतात. माझा चेहरा पडला. नाइलाजाने मी मूळचं लावलं.

दुसऱ्या ओळीला लाटणं थांबलं. काकू माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"पानी नाही देलं काय रे तू इले? केवढी तहानली हाय पोरगी."

ते गाणं मी शंभरदा तरी ऐकलं होतं. एकेक श्वास कापून, जोडून पाहिला होता. ती गात होती तेव्हा माठ माझ्या हाताशी होता, आणि अकरा वेळांत एकदाही तिला विचारायचं मला सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली. काकू, चुकलंच माझं, असं मी तिथेच म्हणून टाकलं.

काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि तिला फोन लावायला सांगितलं. मी तीनदा लावून पाहिला. मेळघाटात रेंज नव्हती.

"मंग हेच लाव पुन्हा," त्या म्हणाल्या.