बदामांचा खडक

“मॅडम, या शब्दाचा अर्थ काय?” डॉ. जोशींनी माझ्या रिपोर्टमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. शब्द होता ‘अमिग्डलॉइडल’.

मुकुंदवाडीत त्यांच्या कान-नाक-घशाच्या हॉस्पिटलसाठी खड्डा खणून झाला होता. खालचा खडक पायाला चालेल का, हे सांगणं जिओलॉजिस्ट म्हणून माझं काम. स्टील यायला महिना होता. तोवर खड्डा उघडाच ठेवायचं काँट्रॅक्टर शिंदेंनी ठरवलं होतं.

“आपल्या काळ्या दगडाचा, बेसाल्टचा एक प्रकार,” मी म्हणाले.

“ते कळलं. पण शब्दाचा अर्थ?”

वीस वर्षं मी तो शब्द लिहीत होते. मला सांगता येईना.

“आमच्या जुन्या पुस्तकांत टॉन्सिलला अमिग्डला म्हणायचे,” डॉक्टर म्हणाले. “मूळ ग्रीक. अर्थ बदाम. तुमच्या दगडात बदाम कुठंयत?”

मी खड्ड्यात उतरले. खडकावर पाणी मारून भिंग लावलं. काळ्या दगडात लांबट, पांढरे ठिपके. खरंच बदाम. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढं त्या पोकळ्यांत खनिजं भरली. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. आज त्यातला एक बुडबुडा बोटाखाली होता. वायू कधीच गेला, आकार तेवढा राहिला. आणि दूर कुठंतरी असाच दगड बघून कुणाला तरी बदाम आठवला होता. मला उठवेना.

मग दिसलं, काही बदाम हिरवे होते. नखानं खरवडले तर साबणासारखे निघाले. ही हिरवी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते. दगड आतून फुटतो.

“खड्डा झाकून घ्या,” मी शिंदेंना म्हणाले.

“मॅडम, पहार लागंना इतका टणक खडक हाय. त्याला काय होतंय?”

मी एक तुकडा ऑफिसात नेला. एक दिवस पाण्यात, एक दिवस उन्हात, असं चालवलं. दहाव्या दिवशी तो शिंदेंच्या हातावर ठेवला. त्यांनी मूठ दाबली. भुगा झाला. ते हात झटकू लागले.

“व्हय, झाकू,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वरचा सुटलेला थर काढून खड्ड्याच्या तळाशी काँक्रीट टाकलं. हॉस्पिटल उभं राहिलं, एकही तडा नाही.

आता रिपोर्टवर सही करण्याआधी मी प्रत्येक शब्दाचा अर्थ बघते. त्यात अर्धा तास जातो.