निळं पाणी

आमच्या गोंदियातल्या गेम स्टुडिओत पाणी बनवणारा तो एकटाच. खुर्चीवर मांडी घालून बसतो, प्रोग्राम अडला की स्क्रीनलाच दटावतो, ‘काऊन बे, आयकत नाही?’ आमच्या धानशेतीच्या गेममधलं पाणी त्यानं कित्येक वर्षं खपून घडवलेलं. गेम बनवायच्या नव्या इंजिनात पाणी आयतंच मिळतं, हे त्याला सांगायची मला धास्ती होती. शेवटी सांगितलंच. त्यानं ते नवं पाणी सुरू केलं, पडद्यावरच्या बांधीची, म्हणजे धानाच्या खाचराची, पाळ फोडली. पाणी सरळ उताराला धावलं. लगेच त्यानं आपलं जुनं पाणी पुसून टाकलं.

‘अरे, कॉपी तरी ठेव!’

‘कायले, भाऊ? हे मस्त वाहून राहिलं ना.’ मग डोळे बारीक केले. ‘पन आपल्या बांधीत असं निळं पानी पाह्यलं का कधी?’

आणि तो त्यात चिखल कालवायला बसला.